अंगावरचा कपडा : नागपुरी घरांतील वस्त्रव्यवहाराचा मागोवा

प्रतापनगरातल्या आमच्या घरी माळ्यावर आईची एक लोखंडी पेटी आहे. गेल्या वर्षी ती खाली उतरवली. वर दोन आहेराच्या साड्या, त्यांखाली कटपिसांचे गाठोडे आणि तळाशी एक वाकळ. वाकळीचे टाके उसवलेल्या एका कोपऱ्यातून आतले थर दिसले : आजीचे नऊवारी, वडिलांचे धोतर, आम्हा भावंडांचे सदरे. एका घराचा पन्नास वर्षांचा कपडा तिथे एकावर एक शिवलेला होता. नागपूरच्या कापडधंद्यावर मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, पण विकत आणलेले कापड घरात आल्यावर पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

नागपूर हे मुळातच कापडाचे गाव. भोसल्यांच्या काळापासून इथल्या कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी नावाजलेली होती. मात्र हा माल सणासुदीचा आणि ऐपतदारांचा. खेड्यापाड्यांत रोजच्या वापराचे जाडेभरडे कापड विणणाऱ्यांत महार विणकर मोठ्या संख्येने होते. घरी किंवा गावात कातलेले सूत, गावातलाच विणकर आणि पुष्कळदा धान्यात चुकवलेली मजुरी अशी ती व्यवस्था होती. कापड खरखरीत असे, पण टिके.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली. म्हणून तिचे नाव 'एम्प्रेस'. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे साधा हिशेब होता : भोवती कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि माल खपवायला मोठा प्रदेश. गिरणीच्या कापडाचा पहिला तडाखा रेशीमकाठी विणणाऱ्या कोष्ट्यांना बसला नाही. आधी मोडला तो जाडेभरडे विणणारा. ज्यांच्या मागावर गरिबांचे कपडे तयार होत, त्यांतले अनेक जण गिरणीचे मजूर झाले आणि स्वतःचा कपडा बाजारातून घेऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्य कामगारांना विणखात्यात शिरकावच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. पिढ्यान्‌पिढ्या कापड विणलेल्या हातांना मागच नाकारला गेला.

विकतचा कपडा स्वस्त झाला तरी मुबलक झाला नव्हता. म्हणून प्रत्येक घरात त्याला पुरवून वापरण्याचे शास्त्र तयार झाले. नवे लुगडे आधी परगावी जाण्याचे, मग घरात नेसायचे. मधोमध विरले की ते कापून धडके भाग एकमेकांना जोडत. याला 'दंड घालणे' म्हणत. दंडही फाटला की त्याची बाळोती, दुपटी, वाकळीचा थर आणि सरतेशेवटी पोतेरे. या साऱ्या कामाची मजुरी कुठल्याही जमाखर्चात सापडत नाही. ती घरातल्या बायकांनी दुपारच्या वेळी, स्वयंपाक आटोपल्यावर केली.

दुसऱ्या महायुद्धात या शास्त्राची परीक्षा झाली. गिरण्यांचे कापड लष्कराकडे वळले, भाव चढले. जून १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला आणि कापडावर किंमत छापून येऊ लागली. छापील किमतीचे कापड मात्र दुकानातून नाहीसे होई आणि मागच्या दाराने मिळे. स्वातंत्र्यानंतर, १९४८च्या प्रारंभी नियंत्रण उठले, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावे लागले. ज्यांच्याकडे दोनच लुगडी होती त्या बाईला या धोरणांचा अर्थ एवढाच होता, की एक वाळेपर्यंत घराबाहेर पडता येत नाही.

पण कपड्याची गरज अंग झाकण्यापाशी संपत नाही, हे नागपूरला वेगळ्या वाटेने कळले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले होते, की जातीची खूण पटवणारी नेसण्याची रीत आणि अंगभर जड दागिने सोडा. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, तिथेही त्यांनी स्वच्छतेचा आग्रह धरला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली. दीक्षाभूमी आमच्या प्रतापनगरपासून फार दूर नाही. तिथून जाताना मला वाटते, त्या दिवशीच्या पांढऱ्या रंगामागे किती घरांची काटकसर, किती उसनवारी आणि रात्री जागून केलेली किती धुणी असतील. तीही वस्त्रव्यवहाराच्या इतिहासात लिहायला हवीत.

नंतरच्या दशकांत शहराच्या या बाजूला लेआउट पडले आणि नोकरदारांची घरे उभी राहिली. आमचे त्यांतलेच एक. १९६४ पासून धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल अशा साध्या कापडाच्या किमतींवर पुन्हा नियंत्रण आले. १९७६ मध्ये हातमागावरच्या 'जनता' कापडाची योजना सुरू झाली आणि कोष्ट्यांच्या मागाला जाड्या, स्वस्त साड्या-धोतरांचे काम मिळाले. रेशीमकाठी विणणारे हात पोटासाठी जाड्याभरड्यावर आले. आमच्याकडे दिवाळीला एकच थान येई. त्यात तिघा भावांचे सदरे निघत आणि उरलेल्यात उशीचे अभ्रे. शिंप्याला आईची सूचना ठरलेली : "वाढत्या अंगाचं शिवा, भाऊ." दुमड दोन बोटे आत ठेवलेली असे आणि दरवर्षी थोडी थोडी उसवली जाई. धाकटा असल्यामुळे माझ्या विजारीवर जुन्या दुमडीची रेघ कायम दिसायची. शाळेत तिची लाज वाटे. आईला मी तसे एकदा बोललोही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर तिने इस्त्री जरा जास्त दाबून फिरवली होती.

या काटकसरीचे आज फार कौतुक होते. जुने कपडे टाकू नका, नव्याने वापरा, असे सांगणाऱ्यांना आपल्या आज्यांचा दाखला द्यावासा वाटतो. तो दाखला खरा आहे, पण अर्धा. आजीने दंड घातला तो हौसेने नव्हे. दुसरे लुगडे नव्हते म्हणून घातला. तिचे कौशल्य मानायचे, तर तिची टंचाईही मानली पाहिजे.

एम्प्रेस मिलचा भोंगा आता थांबला आहे. गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे आणि जिथे कापड विणले जाई, तिथे तयार कपडे विकले जातात. त्यांतले बरेचसे फाटण्याआधीच टाकले जातात. पेटीतली वाकळ मी ऊन दाखवून परत ठेवली. उसवलेला कोपरा शिवून घ्यावा म्हणून सुई हाती घेतली, तेव्हा लक्षात आले, की तो टाका मला येत नाही. घरात आता कुणालाच येत नाही.