सोरेय्याची कथा आणि आमचे मौन

आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. मराठी वाचकास बौद्ध संघाचा परिचय करून देणारे हे पंडित आपल्या वर्धा जिल्ह्यात विसावले, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु विनयातील एक विषय आमच्या विहारांतून सहसा निघत नाही. समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींविषयी धम्म काय सांगतो, असे एखाद्या तरुणाने विचारले की आम्ही गप्प बसतो. त्या मौनाचा अर्थ तो बहुधा स्वतःच्या विरुद्धच लावतो.

महावग्गात पंडकास उपसंपदा नाकारली आहे, हे लपविण्याचे कारण नाही. एका पंडक भिक्खूच्या वर्तनावरून माहूत व मोतद्दार संघाची निंदा करू लागले, म्हणून तो नियम झाला. (लोकापवादातून झालेले नियम विनयात थोडे नाहीत.) तो उपसंपदेचा नियम आहे, उपासकाच्या पंचशीलाशी त्याची गल्लत करणे योग्य नव्हे. शिवाय अट्ठकथेतील पंडकांचे पाच प्रकार पाहता, आजचा समलिंगी म्हणजेच पंडक, असे समीकरण मांडता येत नाही. त्याच विनयपिटकात, भिक्खूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले तर पूर्वीचेच उपाध्याय, पूर्वीचीच उपसंपदा व पूर्वीचेच वर्षावास कायम ठेवून त्याने भिक्खुणीसंघात जावे, अशी भगवंतांची अनुज्ञा आहे.

धम्मपद-अट्ठकथेतील सोरेय्याची कथा याहून बोलकी आहे. सोरेय्य नगरातील श्रेष्ठिपुत्राने महाकच्चान स्थविरांची कांती पाहून मनात अभिलाषा धरली आणि तो तत्काळ स्त्री झाला. लाजेने तो रथातून उतरून पळाला तो थेट तक्षशिलेस पोहोचला. तेथे विवाह होऊन त्यास दोन पुत्र झाले. पुढे स्थविरांनी क्षमा करताच तो पुन्हा पुरुष झाला, भिक्खू झाला, अर्हतही झाला. लिंगबदल हे दुष्ट विचाराचे फळ मानणारी ही कथा आम्ही जशीच्या तशी स्वीकारीत नाही. तथापि घरदार सुटले ते लाजेमुळे, आणि स्थविरांनी धिक्काराचा एक शब्दही उच्चारला नाही, हे ध्यानात घ्यावे. सल्लसुत्तात दुःखाचे दोन बाण सांगितले आहेत. शरीराच्या वेदनेवर मनाचा शोक हा दुसरा बाण होय. स्वतःविषयीची घृणा या दुसऱ्या बाणासारखीच असते. फरक एवढाच की तो बाण पुष्कळदा आप्तांनी, धर्माच्या नावाने, हाती दिलेला असतो.

बाबासाहेबांची भूमिका येथे आठवते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. शंकांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी अशा प्रवृत्तीस नैसर्गिक मानण्याच्या बाजूने युक्तिवाद केला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ च्या गुन्ह्यातून मुक्त केले. तो वर्षावासाचा काळ होता. त्या तीन महिन्यांत या विषयावर एकही प्रवचन आमच्या कानी आले नाही.