टोचणाऱ्या हातांची लस

परिचारिका फ्लूची लस घेणे टाळतात ते अज्ञानापोटी, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही; प्रश्न विश्वासाचा आणि वेळेचा असतो. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा कुठे इतर स्वयंसेवक पुढे आले. उलट, ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, पण आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लस आली २०१० मध्ये, पहिली लाट ओसरल्यावर. वेळ टळून गेल्यावर आलेल्या लसीला थंड प्रतिसाद मिळाला, तर दोष एकट्या सिस्टरांचा कसा?

नंदुरबार जिल्ह्यात व्यवस्थेची ही उणीव अधिक ठळक दिसते. नर्मदाकाठच्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या पाड्यांवर बोटीने जाणाऱ्या सिस्टरच्या खांद्यावरच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटांमध्ये, गोवर-पोलिओच्या लसी असतात. फ्लूची लस नसते, कारण ती राष्ट्रीय लसीकरणातच नाही. सरकारी मार्गदर्शक सूचना मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांना ती घ्यायला सांगतात. कुणी म्हणेल, सिस्टरचा संसर्ग कुपोषित बाळाच्या जिवावर बेतू शकतो, मग लस न घेणे ही तिची खासगी निवड कशी? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच लस तिच्यापर्यंत पोहोचवणे हे शासनाचे काम ठरते. १६ जानेवारी २०२१ पासून कोविडची लस आरोग्य कर्मचाऱ्यांनाच आधी दिली गेली. म्हणजे हे जमते. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, तिचे संरक्षण पूर्ण नसते, हेही सिस्टरांना मोकळेपणाने सांगा. आणि लस पावसाळ्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवा.