टॅबलेटवरच्या कामाचे जतन : प्रस्तावना

पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधले स्टेशन खुटबाव. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा पट्टा. लग्नपत्रिका, यात्रेचा फ्लेक्स, गुळाच्या खोक्यावरचे लेबल यांसाठी अशा गावांतल्या माणसाला एकेकाळी मोठ्या गावातल्या डीटीपी सेंटरचा उंबरा झिजवावा लागे. आता टॅबलेट आणि स्टायलस एवढ्या भांडवलावर हे काम घराच्या ओट्यावर बसूनही करता येते. हे पुस्तक असे काम करणाऱ्यांसाठी आहे, त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि उद्या अशी अ‍ॅप बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहे. विषय एवढाच, की केलेले काम हरवू नये म्हणून यंत्र काय करते, काय करत नाही आणि उरलेले आपण कसे करायचे.

‘अ‍ॅप आपोआप सेव्ह करतेच, मग यात शिकायचे काय?’ हा प्रश्न वाचकाला पहिल्याच पानावर पडेल. पण काम एकाच तऱ्हेने हरवत नाही. अ‍ॅप मध्येच बंद पडते, हा पहिला प्रकार. आपल्याच हाताने चांगले काम बिघडते आणि बिघडलेलेच जतन होते, हा दुसरा. टॅबलेट फुटतो, चोरीला जातो, विहिरीत पडतो किंवा त्यावरची फाइलच पुसली जाते, हा तिसरा. आणि फाइल जागच्या जागी असूनही दहा वर्षांनी कोणालाच उघडता किंवा वाचता येत नाही, हा चौथा. ऑटोसेव्ह पहिल्याचा चांगला बंदोबस्त करते. दुसऱ्याला ते कधी कधी हातभारच लावते. तिसऱ्याशी आणि चौथ्याशी त्याचा फारसा संबंध नाही. या चार नुकसानांची गल्लत होऊ न देणे ही या अभ्यासाची पहिली पायरी, आणि पुढची प्रकरणेही त्याच क्रमाने लावली आहेत.

हा विचार टॅबलेटच्या कितीतरी आधीचा. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा लेखनाचा प्रोग्राम घडवला. लिहिणाऱ्याच्या कृतींची तो नोंद ठेवी आणि यंत्र कोसळलेच तर त्याच क्रमाने त्या पुन्हा करून काम परत उभे करता येई. १९८३ च्या अ‍ॅपल लिसाचे बटण दाबले, की उघडे काम आधी जतन होई आणि मगच यंत्र बंद होई. हातात धरून पेनने लिहायच्या १९९३ च्या अ‍ॅपल न्यूटनवर तर वेगळा ‘सेव्ह’ आदेशच नव्हता. प्रोग्रामरांच्या जुन्या टेक्स्ट एडिटरांनी आपापले हिशेब ठरवले होते: ईमॅक्स साधारण ३०० कळा दाबून झाल्या की नोंद करी, व्हिम २०० अक्षरांनंतर किंवा हात चार सेकंद थांबला की. पुढे २००० साली जेफ रास्किन यांनी ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात या सगळ्यामागचे तत्त्व नियमासारखे मांडले. संगणकाने माणसाच्या कामाची हानी करू नये आणि नुसते बघत बसून ती होऊही देऊ नये, असा त्याचा आशय. जतनाची जबाबदारी माणसाच्या आठवणीवरून काढून यंत्रावर टाकण्याचा हा प्रवास समजला, की आजची अ‍ॅप अशी का वागतात ते कळू लागते.

आता पहिले नुकसान. डेस्कटॉपच्या काळात मुख्य शत्रू होता वीज जाणे. भारनियमनाच्या दिवसांत दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची सवय बोटांना लागली ती त्यामुळेच. टॅबलेटला स्वतःची बॅटरी असल्याने ती भीती मागे पडली आणि तिची जागा मेमरीने घेतली. हिशेब करून पाहू. १० फूट बाय ६ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयने मांडला, तर ८,६४० गुणिले ५,१८४, म्हणजे सुमारे ४ कोटी ४८ लाख पिक्सेल होतात. पिक्सेलमागे चार बाइट धरले, तर एका लेअरला जवळजवळ १८ कोटी बाइट लागतात आणि दहा लेअरना १८० कोटी. अशा वेळी गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो बघायला आपण अ‍ॅपमधून बाहेर पडलो, की मेमरीची ओढाताण सुरू होते. मागे गेलेल्या अ‍ॅपला आवराआवर करायला आयपॅडवर साधारण पाच सेकंद मिळतात. पुढे मेमरी कमी पडली, तर यंत्रणा त्याला न विचारता बंद करते. अँड्रॉइडवरही मागे पडलेल्या अ‍ॅपची हीच गत होते.

मग एवढी मोठी फाइल पाच सेकंदांत लिहायची कशी? चांगली अ‍ॅप ती सगळी लिहीतच नाहीत. कॅनव्हासचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात आणि ज्या चौकोनावर रेघ उमटली तेवढाच लिहिला जातो. २५६ बाय २५६ पिक्सेलचा चौकोन केवळ अडीच लाख बाइटांचा असतो. त्याला वेळ लागत नाही. दुसरी युक्ती आपल्या पेढीवरच्या दिवाणजींना चांगली ठाऊक होती: व्यवहार झाला की आधी कीर्दीत टिपायचा, खतावणी सवडीने लिहायची. खतावणीचे पान अर्धवट राहिले, तरी कीर्दीवरून ते पुरे करता येते. संगणकशास्त्रात ही शिस्त जिम ग्रे यांच्यासारख्या डेटाबेस संशोधकांनी पक्की केली. १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ‘एरीज’ पद्धत तिचा पाठ्यपुस्तकी नमुना आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेसही याच शिस्तीवर चालतो. तिसरी युक्ती सर्वांत सोपी: जुन्या फाइलवर थेट लिहायचे नाही. नवी फाइल बाजूला पूर्ण करायची आणि शेवटी एका फटक्यात नावाची अदलाबदल करायची. मध्येच काही घडले, तर हाती एक तर जुनी संपूर्ण फाइल राहते किंवा नवी संपूर्ण; अर्धीमुर्धी कधीच राहत नाही.

या युक्त्यांमुळे पहिले नुकसान आज बरेच आटोक्यात आले आहे. दुसऱ्याचे तसे नाही, आणि वाचकाने सर्वांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवावा असे मला वाटते. लग्नसराईतले नेहमीचे उदाहरण घ्या. मागच्या वर्षीची पत्रिका उघडायची, वधूवरांची नावे, तिथी, मुहूर्त आणि कार्यालय बदलायचे, की नवी पत्रिका तयार. जुन्या पद्धतीत मूळ फाइल सुरक्षित राही, कारण ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हणेपर्यंत काहीच लिहिले जात नसे. ऑटोसेव्हच्या राज्यात पहिले अक्षर खोडल्याबरोबर मागच्या वर्षीची पत्रिका बदलू लागते. हा प्रश्न साऱ्या जगाने अनुभवला आहे. २०११ साली मॅक ओएस एक्स लायनमध्ये अ‍ॅपलने आपोआप जतन आणि जुन्या आवृत्त्यांची सोय आणली, पण ‘सेव्ह अ‍ॅज’ काढून ‘डुप्लिकेट’ ठेवले. वापरणारे नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी माउंटन लायनमध्ये ते परत आणावे लागले. जतन न करणे हाही एक निर्णय असतो आणि तो घेण्याची जागा माणसाला लागते, हे त्यातून दिसले.

मागे फिरण्याची सोयही अ‍ॅपनुसार वेगळी. २०११ पासून आयपॅडवर असलेले प्रोक्रिएट चित्र सतत जतन करत राहते आणि २५० पावलांपर्यंत मागे जाऊ देते. पण चित्र मिटून गॅलरीत गेलात की ती पावले पुसली जातात. म्हणजे चित्र टिकते, त्याचा इतिहास टिकत नाही. क्लाउडवर चालणारी काही अ‍ॅप याच्या उलट जुन्या आवृत्त्या काही मुदतीपर्यंत सांभाळतात. आपले अ‍ॅप यांपैकी कोणत्या जातीचे, हे काम अंगावर घेण्याआधी माहीत हवे. तोवर साधा नियम पुरतो: आधी डुप्लिकेट, मग बदल, आणि गिऱ्हाइकाने होकार दिलेली प्रत वेगळ्या नावाने बाजूला.

तिसऱ्या नुकसानात लोक सर्वाधिक फसतात ते जागा कमी पडली म्हणून. टॅबलेट भरला की हात अ‍ॅप काढून टाकण्याकडे वळतो. आयपॅडवर अ‍ॅप ‘डिलीट’ केले, तर त्याच्या पोटातल्या फाइलीही जातात. ‘ऑफलोड’ केले, तर अ‍ॅप जाते पण फाइली राहतात. दोन पर्याय शेजारी शेजारी असतात, परिणामांत मात्र जमीनअस्मानाचा फरक. क्लाउडचेही तसेच आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आयपॅडवर आलेले फोटोशॉप आपली कागदपत्रे क्लाउडवर ठेवते आणि नेट नसले, तरी टॅबलेटवर काम चालू देते. गावात लाइट गेली, तर टॅबलेट चालू राहतो पण वाय-फायचा राउटर बंद पडतो. त्या अवधीत केलेले काम फक्त टॅबलेटवर असते. ते वर पोहोचण्याआधी अ‍ॅप काढले, तर क्लाउड काहीही परत देऊ शकत नाही. शिवाय दोन यंत्रांत मेळ ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एकीकडे खोडलेले दुसरीकडेही खोडले जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम म्हणूनच अजून उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. ‘दुसऱ्या गावी’ कशासाठी, हे पुण्याला निराळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत एका घरातल्या कागदांची नक्कल शेजारच्या घरात असून काय उपयोग होणार होता?

चौथे नुकसान मराठी माणसाच्या खास ओळखीचे आहे. युनिकोड सर्रास होण्याआधीचे आपले डीटीपी श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या फॉन्टांवर चाले. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या टॅबलेटवर अशी फाइल उघडली, की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो. एकही बाइट हरवलेला नसतो, तरी मजकूर गेलेला असतो. युनिकोडमुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट त्या बदलाचा ओळखीचा चेहरा. तरीही अ‍ॅपच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल ते अ‍ॅप असेतोवरच कामाची असते. म्हणून प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामाची एक पीडीएफ आणि मजकुराची एक साधी युनिकोड प्रत सोबत असावी.

काम दुसऱ्याच्या हाती जाण्याजोगे असणे म्हणजे काय, याचा दाखला खुटबावच्या पुढच्याच स्टेशनावर आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी उभे राहत होते. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. कर्ती गेल्यावरही काम पुढे जाऊ शकले, कारण ते एकीच्याच ताब्यात अडकलेले नव्हते. तपासलेली प्रुफे होती आणि पुढचे काम जाणणारी माणसे होती. आपल्या टॅबलेटला पासवर्ड कोणता, फाइली कोणत्या नावाने आणि कुठे ठेवल्या आहेत, हे घरातल्या किंवा दुकानातल्या आणखी एकाला ठाऊक आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

या क्षेत्रात अजून पुष्कळ करण्यासारखे आहे. अ‍ॅपने प्रत्येक आवृत्ती साठवली, तर जागा संपते आणि गिऱ्हाइकाने काढायला सांगितलेला फोटोही मागे राहतो. मग विसरायचे काय आणि कधी, हे कोणी ठरवायचे? नेटशिवाय दोन टॅबलेटवर एकच फ्लेक्स बदलला गेला, तर कोणाचा बदल खरा मानायचा? जोडाक्षराच्या मध्यावर अ‍ॅप कोसळले, तर परत येणारा मजकूर शुद्ध असेल याची तपासणी कशी करायची? या शेवटच्या प्रश्नाकडे देवनागरीत काम करणाऱ्यांनीच लक्ष द्यायला हवे, कारण इतरांना तो पडणारच नाही.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी वाचकाने एक प्रयोग करावा. बिनमहत्त्वाचे एखादे चित्र काढावे, अ‍ॅप जबरदस्तीने बंद करावे आणि काय परत येते ते पाहावे. मग तेच नेट बंद ठेवून करावे. शेवटी आपल्या बॅकअपमधली एक जुनी फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडून पाहावी. जिथे अडेल, तिथले प्रकरण आधी वाचावे.

खुटबाव, ता. दौंड, जि. पुणे