झुंजार माशाचं घरटं

1840च्या सुमारास सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाकडचे काही झुंजार मासे थिओडोर कॅन्टर या डॉक्टरच्या हाती आले आणि हा मासा, म्हणजे बेट्टा, युरोपीय ग्रंथांत शिरला. सयामात त्याच्या झुंजींवर पैजा लागत. सरकारला त्यातून महसूलही मिळे.

नराचं खरं कसब मात्र घरट्यात. लाळेचे बुडबुडे तो पाण्यावर रचतो, बुडणारी अंडी तोंडात झेलून त्यांत ठेवतो. मग मादीलाच हुसकावतो! तिला लगेच वेगळं काढावं लागतं.

आज जालन्यातला हौशी माणूसही बेट्टा पाळू शकतो. पण एका जोडीची पिल्लं शेकड्यांत जातात आणि वाढते नर भांडतात. प्रत्येकाला स्वतंत्र बरणी हवी. जोडी लावण्याआधी बरण्या मोजाव्यात, आणि पिल्लं विकायची तर गिऱ्हाईकंही.