सात बेटांची मुंबई : नकाशा कोणासाठी?



मी काही इतिहासकार नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीने जयपूरला आणले. पण पूल, मोऱ्या, भराव यांच्यात वीसेक वर्षे काढल्यावर कुठल्याही गावात गेले की आधी उतार कुठला आणि पाणी कुठे जाते हे पाहण्याची खोड लागते. त्याच नजरेने हा लेख लिहितो आहे.

निमित्त आमच्या कार्यालयातल्या एका नेहमीच्या वादाचे. इथले सहकारी मोठ्या अभिमानाने म्हणतात, "आमचे जयपूर आधी कागदावर आखले, मग बांधले. तुमची मुंबई नुसती वाढत गेली, तिला नकाशाच नाही." आपण मराठी माणसे लोकल, मरीन ड्राइव्ह आणि वडापाव यांच्या जोरावर बाजू लढवतो, पण मुद्द्याचे उत्तर देत नाही. जयपूर आखलेले आहे, यात वादच नाही. मग मुंबई खरोखरच नकाशाविना झाली का?

आधी जयपूर

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंहाने या शहराचा पाया घातला. आखणीत मुख्य वाटा बंगाली पंडित विद्याधर भट्टाचार्य यांचा. नऊ चौकड्यांची कल्पना होती. वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला तेव्हा एक चौकडी पूर्वेला सरकवली. सूरजपोल ते चांदपोल हा सरळ रस्ता आणि त्याला काटकोनात छेदणारे रस्ते, सारे शंभर फुटांहून रुंद. मोटार नव्हती तेव्हाची ही रुंदी आहे! व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या आणि दुकानांच्या रांगा एकसारख्या बांधल्या. चौपडींवर पाण्याचे कुंड होते. मेट्रोचे खोदकाम चालू असताना छोटी चौपड आणि बडी चौपड येथे हे जुने कुंड पुन्हा उजेडात आले, ते अनेकांना आठवत असेल. मेट्रोचा तो टप्पा सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला.

आपल्या मंडळींना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय. युक्लिडचे भूमितीचे पुस्तक अरबीवरून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणणारे पंडित जगन्नाथ सम्राट हेही महाराष्ट्रीयच मानले जातात. म्हणजे जयपूरला येणारे मराठी लोक आपण पहिले नव्हेत. आणि डोंगरावरचा गढ गणेशही जयसिंहानेच बसवलेला. राजाने आधी गणपती बसवला, मग शहर मांडले.

आंदणात आलेली बेटे

मुंबईची सुरुवात अगदी उलट झाली. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि ही बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार झाला आणि मुंबई आंदणात गेली. चार्ल्सला ते लोढणे झाले. १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ही जागा ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातली. त्या वेळी तिथे कोळीवाडे, भंडाऱ्यांच्या माडांच्या वाड्या, मिठागरे आणि भातशेते होती. भरतीला बेटांमधून समुद्र आत शिरे आणि ओहोटीला चिखल उरे.

कंपनीचे मुख्य ठाणे तेव्हा सुरतेला होते. पण १६६४ आणि १६७० अशी दोनदा शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर झाली. समुद्राने वेढलेली आणि स्वतःच्या मालकीची जागा हवी, हे इंग्रजांना पटले त्यात या दोन स्वाऱ्यांचा वाटा मोठा. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड आँजिएने मुंबईचे शहर करायचे ठरवले. त्याने पहिली गोष्ट केली ती माणसे बोलावण्याची. न्यायालय सुरू केले, जमिनीचे दावे तडजोडीने मिटवले, आणि येणाऱ्याच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही असे आश्वासन दिले. दीवच्या नीमा पारेख या व्यापाऱ्याला १६७७ मध्ये असे हक्क लेखी मिळाले. त्या दशकात आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने मुंबईची वस्ती साठ हजारांवर गेल्याचे लिहिले आहे. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले.

म्हणजे जयसिंह काय किंवा आँजिए काय, शहर वसवायचे तर आधी परक्याला भरवसा द्यावा लागतो हे दोघांनीही ओळखले होते. फरक पडला तो पुढे, नकाशात काय काढायचे यात.

पहिला नकाशा तोफांचा

मुंबईला नकाशा होताच. पण तो तोफांसाठी होता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गव्हर्नर बूनने गावाभोवती तट बांधला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. जयपूरहून मुंबई सेंट्रलला जाताना आपली गाडी ज्या खाडीवरून जाते, तिच्याच काठचा हा किल्ला. वसई पडली तशी मुंबईत घबराट उडाली. तटाबाहेर खंदक खणायला गावातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये म्हणून तटासमोरची झाडे आणि घरे काढून मोकळे मैदान ठेवले गेले. मराठ्यांची आणि पुढे फ्रेंचांची धास्ती होती तसे ते मैदान रुंद होत गेले. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याचीच उरलेली चार तुकडी. सुनील गावसकरांपासून सचिनपर्यंत सारे ज्या मैदानांवर खेळले, ती अशी मराठ्यांच्या भीतीपोटी राहून गेलेली आहेत!

तटाच्या आत मात्र माणसांची दाटी झाली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात आग लागली आणि गावाचा मोठा भाग जळाला. त्यानंतर भारतीय वस्ती मैदानापलीकडे सरकली आणि मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव हे भाग भरू लागले. मैदानाच्या अलीकडे कंपनीचे गाव, पलीकडे आपले. पलीकडच्या भागात रस्ते, गटारे आणि पाणी यांची आखणी कोणी केली नव्हती.

बेटे जोडणारे बांध

इंजिनिअरच्या दृष्टीने मुंबईचे खरे काम म्हणजे पाणी अडवणे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र थेट भायखळ्यापर्यंत येई. ते खिंडार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाच्या बांधाने बुजले. बांध टिकेना तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली, मूर्ती समुद्रातून काढल्यावर बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ झाले, अशी आख्यायिका आहे. बांधकामावर मनापासून काम केलेल्या माणसाला असे स्वप्न पडू शकते, एवढे मी खात्रीने सांगतो. पुढे १८०५ पर्यंत शीवचा, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा रस्ता झाला. माहीमच्या रस्त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःचे दीड लाखावर रुपये दिले.

पण समुद्र अडवला म्हणजे पावसाचे पाणी संपत नाही. मधली जमीन भरतीच्या पातळीच्या आसपास, काही ठिकाणी तर खालीच राहिली. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की गटारातले पाणी समुद्राकडे जात नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबई का बुडाली, याच्या उत्तराचा एक भाग या जुन्या भरावांत आहे. बेटांवरच्या खाड्या आणि पाणथळ जागा बुजवताना त्यांचे काम दुसरे कोणी करील याची व्यवस्था पुरेशी झाली नाही.

दुसरा नकाशा मालाचा

१६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही गाडी आपल्या रेल्वेवाल्यांना पाठ असते. १४ डबे, ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. जगन्नाथ शंकरशेट या रेल्वे कंपनीच्या संचालकांपैकी एक होते. पण हा मार्ग पाहुण्यांसाठी नव्हताच. खरे लक्ष घाटापलीकडच्या कापसावर होते. १८६३ मध्ये भोर घाट खुला झाला. सदतीस फुटांत एक फूट एवढी चढण, मध्ये उलट दिशा घेणारे स्थानक, आणि हे सारे पहार-घमेल्याने, हजारो मजुरांच्या हातांनी. कामावर कॉलऱ्याने आणि अपघाताने किती मजूर गेले त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने याच काळात कोटाचा तट पाडला आणि मोकळ्या जागेवर सरकारी इमारतींची रांग आखली. पुढे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले. १८८७ मध्ये त्याला राणीचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी आपल्या जयपुरात स्विंटन जेकबचे अल्बर्ट हॉल खुले झाले. दोन्ही इमारतींकडे मी आजही मान वर करून पाहतो. पण हा मुंबईचा दुसरा नकाशा होता आणि तो बंदर, गोदाम, गिरणी आणि कचेरी यांचा होता. गिरणीत राबणारा माणूस रात्री कुठे झोपेल, हे त्या कागदावर नव्हते.

माणसाची पाळी शेवटी

माणसाचा नकाशा मुंबईत दर वेळी संकटानंतर आला. १८५४ मध्ये पाण्याचे दुर्भिक्ष झाले. मग १८६० मध्ये विहारचे पाणी आले. तोवर गाव तलाव आणि विहिरींवर होते. धोबी तलाव, सी. पी. टँक ही नावे त्याची खूण; तलाव केव्हाच बुजले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गाव ओस पडले, गिरण्या थांबल्या, तेव्हा सरकार जागे झाले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले. दादर-माटुंग्याची सुरेख आखणीही याच ट्रस्टची. मात्र पाडापाडीत ज्यांची घरे गेली त्यांतल्या सगळ्यांना नवी घरे परवडली नाहीत.

१९२० मध्ये विकास खाते निघाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी बीडीडी चाळी ओळखल्या जातात. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. माझे आजोबा साताऱ्याकडून गिरणीत आले ते वरळीच्या अशाच एका खोलीत. मी त्या खोलीत लहानाचा मोठा झालो. घरात नऊ माणसे. ज्यांनी ती चाळ आखली त्यांनी माणसाचे माप घेताना किती कमी कापड धरले होते, हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही. आता या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे.

पण त्या कागदावर एक गोष्ट नव्हती, ती माणसांनी स्वतः घातली. १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला. अंगण चाळीचे, वर्गणी घरोघरची, आरतीला सगळे. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून आलेले लोक अशा मांडवांत एकमेकांचे झाले. राजाने डोंगरावर गणपती बसवून जयपूर मांडले. मुंबईत शहर आधी झाले आणि गणपती भाडेकरूंनी बसवला.

मग आपले उत्तर काय?

सहकाऱ्यांना मी आता असे सांगतो : मुंबईला एक सोडून तीन नकाशे होते. तोफांचा, मालाचा आणि सर्वांत शेवटी माणसाचा. तिसरा उशिरा आला, आणि उशिराची किंमत आमच्या आजोबा-पणजोबांनी मोजली. जयपूरला माणसांचा नकाशा पहिल्या दिवसापासून मिळाला, हे जयसिंहाचे मोठेपण. त्यातही कोणी कुठे राहायचे हे जात आणि धंदा पाहून ठरत होते, तेही विसरू नये.

पण जयसिंहाचा नकाशा परकोटाच्या आतला आहे. १९४० च्या दशकात दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बाहेर रुंद रस्ते काढले, आणि त्यानंतरचे आपले मालवीय नगर, जवाहर सर्कलजवळचे आपले उत्तर पश्चिम रेल्वेचे मुख्यालय, पलीकडच्या नव्या कॉलन्या हे सारे आपल्या पिढ्यांचे काम आहे. ते चांगले की वाईट याचा जबाब आपल्यालाच द्यायचा आहे. १९८१ च्या जुलैत वाळवंटाच्या उंबऱ्यावरचे हे शहरही पुरात बुडाले होते. रूळ खचतो त्याचे कारण बहुतेक वेळा साचलेले पाणी असते, हे गँगमनलाही ठाऊक असते. नाल्यावर घर, उतारावर भिंत आणि गटारात प्लास्टिक असेल तर नऊ चौकड्यांची पुण्याई किती दिवस पुरणार?

आपण इथे पाहुणे नाही. आपली मुले इथेच जन्मली आणि त्यांचे गाव जयपूर आहे. म्हणून उत्सवाच्या वर्गणीबरोबर एक काम मंडळाने अंगावर घ्यावे असे सुचवतो : दर वर्षी जूनच्या आधी आपल्या सेक्टरातले नाले आणि मोऱ्या चार जाणत्यांनी पायी फिरून पाहाव्यात, यादी करावी आणि ती महापालिकेत देऊन तिचा पाठपुरावा करावा. यादी करायला मी येईन. रेल्वेतले आणखी चौघे सहज येतील.

गणपती बाप्पा मोरया!