शिंगराच्या खुरांची निगा : पहिले सहा महिने मोलाचे

घोडा का अडला, पाने का सडली आणि भाकरी का करपली, या तीन प्रश्नांचे ‘न फिरविल्यामुळे’ हे एकच उत्तर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. घोड्याच्या खुराबाबत ते अक्षरशः खरे आहे. पाऊल जमिनीवर टेकले की खुराची टाच किंचित फाकते, आतील रक्तवाहिन्यांवर दाब पडतो आणि रक्त वर ढकलले जाते. सतत बांधून ठेवलेल्या जनावराच्या खुरांतील हे अभिसरण मंदावते. स्टड फार्मवर शिंगरांना आईसोबत दररोज मोकळ्या कुरणात सोडण्यामागे हेही एक कारण असते.

मुंबईत होणाऱ्या इंडियन डर्बीत चार वर्षांचे घोडे २४०० मीटर धावतात. मात्र त्यांचे पाय सरळ पडणार की वाकडे, हे बऱ्याच अंशी वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत ठरते. त्यामुळे पुणे परिसरातील असोत वा अन्यत्रची, थरोब्रेड घोड्यांची पैदास करणाऱ्या केंद्रांवर नालबंदाचे काम शर्यतीच्या कितीतरी आधी सुरू होते.

खुराची वाढ

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखांप्रमाणेच केराटिनची असते. ती केसाळ कातडीच्या कडेपासून खाली वाढते. प्रौढ घोड्यात ही वाढ महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर असल्याने पुढच्या टोकाची भिंत पूर्ण नवी येण्यास जवळपास वर्ष लागते. शिंगरांत हा वेग बराच अधिक असतो. घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असल्याने तेथील दोष आधी त्रास देतो.

सांध्यांची मुदत

जन्मतः शिंगराच्या खुरांवर मऊ, पिवळसर आवरण असते. गर्भाशयाला इजा होऊ नये, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना होय. शिंगरू चालू लागल्यावर ते आपोआप झिजते; ते सोलून काढू नये. काही शिंगरांचे स्नायुबंध सैल असल्याने खुराचे टोक वर उचललेले दिसते. बहुतेकांत हा दोष हलक्या व्यायामाने एक-दोन आठवड्यांत जातो. गुडघ्यापासून पाय किंचित बाहेर वळलेला असणेही नवजात शिंगरांत नेहमीचे असून छाती रुंदावत जाते तसा तो सुधारतो.

पहिली छाटणी साधारण महिनाभराने करतात. या वेळी रापीचे काम थोडे आणि कानशीचे अधिक असते. पुढे दर चार आठवड्यांनी खुरे समतल केली जातात. पाय बाहेर वळलेला असल्यास आतली कड अधिक झिजते, म्हणून बाहेरची कड थोडी उतरवतात. आत वळलेला असल्यास याच्या उलट.

येथे वेळेला फार महत्त्व आहे. खुराच्या वरच्या, फेटलॉक नावाने ओळखल्या जाणाऱ्या सांध्याजवळील हाडाची जलद वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांतच ओसरते. त्यामुळे तेथील वाक सुधारण्याची संधी लवकर संपते. गुडघ्याजवळील वाढ मात्र दीड वर्षापर्यंत चालू राहते. मुदत टळल्यावर खूर कापून पाय सरळ करण्याचा प्रयत्न केल्यास पाय सरळ दिसतो, पण सांध्यावर तिरका ताण येतो. मूळ दोषापेक्षा असा उपाय अधिक घातक ठरतो.

दुसरा दोष ‘क्लब फूट’ हा होय. यात टाच उंच होते, टोक झिजते आणि खूर उभट दिसू लागते. जलद वाढ, खनिजांचे असंतुलन किंवा पायातील वेदना ही त्याची कारणे असू शकतात. वेळीच लक्षात आल्यास खुराक कमी करून व टाच टप्प्याटप्प्याने उतरवून तो आटोक्यात येतो. बळावल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

पावसाळ्याची अडचण

आपल्याकडे बहुतेक थरोब्रेड घोड्या वर्षाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वितात. त्यामुळे ऐन वाढीच्या वयात शिंगरांना पावसाळा गाठतो. चिखल व ओल्या गवताने खूर मऊ पडते. तळव्यातील त्रिकोणी, रबरासारख्या भागाच्या खाचांत काळा, दुर्गंधीयुक्त स्राव दिसू लागतो. ‘थ्रश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारावर कोरडी जमीन व रोजची सफाई हाच मुख्य उपाय आहे. मोतद्दाराने दररोज आकड्याने खाचा साफ केल्यास शिंगराला पाय उचलून देण्याची सवयही लागते. पुढे नालबंदाला तिचा मोठा उपयोग होतो.

घोडी आणि पैदाशीचा घोडा

पैदाशीच्या घोड्यांना सहसा नाल ठोकत नाहीत. असल्यास संयोगापूर्वी घोडीच्या मागच्या पायांचे नाल काढतात, कारण तिची लाथ घोड्याला जायबंदी करू शकते. नाल नाही म्हणून छाटणी टाळणे मात्र चूक होय. दर सहा ते आठ आठवड्यांनी ती आवश्यक असते. सुमारे अकरा महिन्यांच्या गर्भकाळात, विशेषतः अखेरीस, वाढत्या वजनामुळे दुर्लक्षित खुरांच्या कडा फाकतात व तडकतात. पैदाशीच्या घोड्याचा भार संयोगाच्या वेळी मागच्या पायांवर येत असल्याने त्याची मागची खुरे नियमित तपासावीत.

घोडीसाठी सर्वांत मोठा धोका विल्यानंतर असतो. वार साधारण तीन तासांत पडली नाही, तर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन त्याचे पर्यवसान ‘लॅमिनायटिस’मध्ये होऊ शकते. खुराची भिंत व आतील हाड यांना जोडणारे पापुद्रे यात सुजतात, हाड जागेवरून फिरते व घोडी कायमची लंगडी होऊ शकते. म्हणून तीन तास उलटताच पशुवैद्याला बोलावावे. भरमसाट दाणा व लठ्ठपणा हीदेखील या रोगाची कारणे आहेत.

आहार आणि नोंदी

कोंडा जास्त दिल्यास फॉस्फरसचे प्रमाण वाढून कॅल्शियम कमी पडते व हाडे कमकुवत होतात. लसूणघासातून कॅल्शियम मिळते. तांबे व जस्त यांचे प्रमाणही योग्य हवे. बायोटिनने खुराचा दर्जा सुधारतो, पण परिणाम नव्याने वाढणाऱ्या भिंतीतच दिसत असल्याने अनेक महिने धीर धरावा लागतो.

प्रत्येक शिंगराच्या नावे वही ठेवून छाटणीची तारीख, पायाचा कोन व चाल यांची नोंद करावी. दर महिन्याला समोरून व बाजूने छायाचित्रे घेतल्यास बदल लवकर लक्षात येतो. शिंगराला आधी सपाट जमिनीवर चालवून पशुवैद्य व नालबंद यांनी एकत्र पाहावे आणि त्यानंतरच कानस हाती घ्यावी.