बाटली, सुई आणि सिस्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींकडून आम्ही शिक्षक सर्वांत आधी काय पाठ करून घेतो, तर पाच 'योग्य'. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. जोडीला लेबल तीनदा वाचायचा नियम : बाटली फळीवरून घेताना, औषध ओतताना आणि बाटली परत फळीवर ठेवताना. या तिसऱ्या वाचनावरूनच नियमाचं वय कळतं. तो मिक्श्चरच्या, बुचाच्या बाटल्यांच्या काळातला आहे. अँप्यूल फोडली की टाकूनच द्यायची असते. ती कुठल्या फळीवर परत ठेवणार?

नियम जुना म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण औषध देताना झालेली चूक कुणाची, या प्रश्नाची दोन उत्तरं इतिहासात दिसतात. एक बाटलीकडे बोट दाखवतं, दुसरं ती हातात धरणाऱ्या बाईकडे. आज या दोन उत्तरांविषयी बोलायचं आहे.

१८५८ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसं दगावली आणि २०० च्या आसपास आजारी पडली. साखरेत भेसळीसाठी एक निरुपद्रवी पांढरी भुकटी घालत. औषधविक्रेत्याच्या मदतनिसानं तिच्याऐवजी सोमल दिला. तोही पांढराच. त्या काळात विषारी औषधांच्या बाटल्या मुद्दाम वेगळ्या करू लागले. निळी किंवा हिरवी काच, सहा कोन, अंगावर उंचवट्याच्या उभ्या रेघा. रात्री मेणबत्तीच्या उजेडात लेबल वाचता आलं नाही, तरी बोटांना कळावं. माणूस अंधारात चुकणार हे गृहीत धरून केलेली ही बाटली मला फार शहाणी वाटते.

त्याच सुमारास, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंच्या नावाची शाळा निघाली. शिस्तीनं परिचारिकेला प्रतिष्ठा मिळाली, हे खरंच. पण शिस्तीच्या जगात चूक ही स्वभावाची ठरते. लक्ष नव्हतं, निष्काळजी होती, असं म्हणून मेमो द्यायचा आणि विषय संपवायचा. या मेमोंमागे खरं काय दडलंय, हे १९६२ साली फ्लोरिडातल्या बार्कर आणि मॅककॉनेल या दोन औषधतज्ज्ञांनी पाहिलं. परिचारिकांनी स्वतः लिहून दिलेल्या चुकांवर न थांबता त्यांनी औषधं देताना शेजारी उभं राहून निरीक्षण करवलं. कागदावर आलेल्या चुका प्रत्यक्षातल्या चुकांच्या तुलनेत अगदीच नगण्य निघाल्या. कुणी लपवाछपवी करत होतं असंही नाही. चूक झालीय हेच बहुतेक वेळा करणारीला ठाऊक नव्हतं.

आता डेन्व्हरची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगते.

ऑक्टोबर १९९६. अमेरिकेतल्या या शहरात एक निरोगी बाळ जन्मलं. आईला पूर्वी सिफिलिस झाला होता. तिला स्पॅनिशच येत असल्यानं जुन्या उपचारांची माहिती नीट मिळाली नाही, आणि बाळाला बेंझाथीन पेनिसिलिन द्यायचं ठरलं. मात्रा दीड लाख युनिट, स्नायूत. औषधविभागात आकडा चुकीचा वाचला गेला आणि पंधरा लाखांची मात्रा वॉर्डात आली. हिशेब सोपा आहे. दीड लाख म्हणजे पाव मिलिलिटर. पंधरा लाख म्हणजे अडीच. नवजात बाळाच्या स्नायूत एका वेळी अर्ध्या मिलिलिटरहून जास्त देत नाहीत. म्हणजे त्या एवढ्याशा मांडीत पाच सुया.

इथे तिथल्या सिस्टरचा जीव कळवळला. तिनं दोन सहकारी परिचारिकांना विचारलं. त्यांनी संदर्भपुस्तक काढलं. पेनिसिलिन शिरेतूनही देतात, असं त्यात होतं. पण ते साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या पेनिसिलिनबद्दल. बेंझाथीनबद्दल स्वतंत्र इशारा नव्हता. ते दुधासारखं पांढरं असतं, रक्तात विरघळत नाही. सिरिंजवर 'फक्त स्नायूत' असं छापलेलं होतं, मात्र ते दिसायला सिरिंज पूर्ण उलटी फिरवावी लागे. बाळाला पाच सुया टोचायला नकोत म्हणून औषध शिरेतून दिलं गेलं, आणि ते पूर्ण जायच्या आत बाळ निपचित पडलं. ते वाचलं नाही.

तिन्ही परिचारिकांवर फौजदारी खटला भरला. दोघींनी तडजोड करून गुन्हा कबूल केला. तिसरी उभी राहिली. तिच्या बाजूनं मायकेल कोहेन हे औषधसुरक्षेतले जाणकार साक्षीला आले. त्यांच्या संस्थेनं, 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस'नं, त्या एका मृत्यूमागे ५० हून अधिक त्रुटी मोजल्या होत्या. जानेवारी १९९८ मध्ये ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं.

मला या प्रकरणात सारखं जाणवतं ते हे, की त्या बायका पाच 'योग्य' विसरल्या नव्हत्या. रुग्ण बरोबर होता, औषध बरोबर होतं, वेळ बरोबर होती. मार्गाबद्दल तर त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. शंका आली, विचारलं, वाचलं. आम्ही शिकवतो ते सगळं केलं. ते करूनही बाळ गेलं.

बाटलीकडे पुन्हा लक्ष गेलं ते या वर्षांत. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशननं आपला पहिलाच इशारा काढला, तो दाट पोटॅशियम क्लोराइडबद्दल. हे शिरेत थेट गेलं तर हृदय थांबतं. त्यांनी तपासलेल्या १० मृत्यूंपैकी ८ असे झाले होते, आणि त्यातल्या ६ वेळा ते सलाईन, हेपॅरिन किंवा लॅसिक्स समजून दिलं गेलं होतं, मुख्यतः वेष्टन सारखं दिसल्यामुळे. उपाय काय, तर ते वॉर्डातून हलवा. २००२ मध्ये ब्रिटननंही तेच केलं.

टोपेकाच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ च्या सुमारास भाड्याची मोटार परत करताना त्यांनी पाहिलं, की नोकर हातातल्या लहानशा यंत्रानं पट्टी वाचून क्षणात हिशेब करतो. मोटारीला जमतं ते रुग्णाच्या मनगटपट्टीला का नाही? त्यातून औषध देण्यापूर्वी पट्टी वाचणारी पद्धत उभी राहिली आणि पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सगळ्या रुग्णालयांत गेली.

यंत्रं आली म्हणून कोर्ट संपलं, असं मात्र नाही. डिसेंबर २०१७ मध्ये टेनेसीतल्या एका परिचारिकेनं औषधांच्या संगणकीकृत कपाटावर पहिली दोन अक्षरं टाइप केली. तिला हवं होतं झोपेचं औषध, निघालं स्नायू लुळे करणारं. कुपीच्या टोपणावर इशारा होता. तिनं तो पाहिला नाही. रुग्ण दगावली. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीनं तिला दोषी ठरवलं आणि मे महिन्यात तीन वर्षांची परिवीक्षा सुनावली. कपाटात शोधताना निदान पाच अक्षरं टाइप करायला लावा, अशी शिफारस कोहेन यांच्या संस्थेनं केली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानं उपचार करताना तसं घडलं, तर ती दोन वर्षांपर्यंत. ही व्याख्या वैद्यकीय पदवी असलेल्या डॉक्टरांपुरती आहे. सिस्टर तीत बसत नाही.

म्हणून नव्या वॉर्डात ड्यूटी लागली, की मी मुलींना पहिल्या दिवशी एवढंच सांगते : पोटॅशियमची अँप्यूल कुठल्या कपाटात आहे ते बघून या, आणि तिच्या शेजारी काय ठेवलंय तेही लिहून आणा.